साळवीकाकांच्या दोन गोळ्या

डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीत यायचं असेल तर रिक्षावाल्याला अजूनही 'साळवी मेडिकल' सांगावं लागतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बंद झालं, काका टिटवाळ्याला मुलाकडे राहायला गेले, गेल्या वर्षी तिथेच वारले, पण पत्ता काही बदलायला तयार नाही. परवा एका पेशंटने फोनवर विचारलं, "मॅडम, तुमची लॅब साळवी मेडिकलच्या बाजूलाच ना?" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग हातातलं काम सोडून नुसतीच बसून राहिले. हे कोणाशी बोलणार? नवरा म्हणतो, विसर आता. म्हणून लिहायला घेतलं. लिहिण्याचा मला सराव नाही. मी रिपोर्ट लिहिते.

मी वैशाली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त, लघवी, थुंकी, लोक ज्याच्याकडे बघून नाक मुरडतात त्याच्यावर माझं घर चाललं. आमची लॅब आणि काकांचं दुकान यांच्यात एक भिंत. ती इतकी पातळ की काका शिंकले की मी इकडून "सत्य आहे" म्हणायची आणि तिकडून "गप बस गं" असं उत्तर यायचं.

काकांचं पूर्ण नाव गजानन साळवी. मूळचे लांज्याकडचे. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून काउंटरमागे एक लाकडी पाट ठेवलेला. चपला बाहेर काढायच्या, अनवाणी पाटावर चढायचं, की दुकान उघडलं. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चष्मा फक्त औषधाचं नाव वाचायला. माणूस वाचायला त्यांना तो लागायचा नाही असं ते स्वतःच सांगायचे, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

कोणी आलं की काका काउंटरवरून वाकून हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावायचे. "शंभरच्या वर आहे. एकशे एक नाही." मग "जीभ दाखव." मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघणार. आणि शेवटी ते वाक्य, ज्यासाठी माणसं तिथे यायची: "काही होत नाही. मी आहे ना." खरं सांगते, अर्धा ताप तिथेच उतरायचा. एकदा मी चावटपणा करून लॅबमधला थर्मामीटर आणला आणि त्यांची परीक्षा घेतली. अर्ध्या डिग्रीने चुकले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाला आले आणि म्हणाले, "थर्मामीटर बदल तुझा."

त्यांच्याकडे यायचं कोण? एमआयडीसीतले कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका. ज्यांचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. डॉक्टरकडे नंबर लावून दोन तास बसणं त्यांना परवडायचं नाही. आणि आमच्यासारखे टू बीएचकेवाले? आम्हीही यायचो. आम्हाला परवडत होतं, पण कंटाळा यायचा. करोनात तर बाकी सगळे दवाखाने बंद असताना काका एकटे पाटावर उभे होते. अख्खी गल्ली त्यांच्या भरवशावर तगली, असं त्या वेळी मीच चार जणांना सांगितलेलं.

आता त्यांची कात्री. काकांचा एक नेम होता. सबंध पाकीट कोणाच्या गळ्यात मारायचं नाही. बाकीचे मेडिकलवाले दहा गोळ्या हातात कोंबायचे. काका पाकीट उजेडात धरून कात्रीने दोन गोळ्या कापून द्यायचे, फार तर तीन. कापताना सुद्धा तिरकं कापायचे, म्हणजे एक्सपायरीची तारीख उरलेल्या भागावर शाबूत राहायची. "दोन घे. आराम पडला तर तिसरी घेऊ नकोस. उगाच शरीराला कशाला शिक्षा?" घसा दुखला, दोन गोळ्या. जुलाब, दोन गोळ्या. सर्दीला सुद्धा, वर तापाची एक. त्यातली निम्मी अँटिबायोटिक्स असायची, पाकिटावर लाल रेघ असलेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून ती रेघ. मी एकदा तिच्यावर बोट ठेवलं तर म्हणाले, "ती रेघ दिल्लीत बसणाऱ्यांसाठी. इथे उभं राहून दाखवा म्हणावं एक दिवस."

आणि लोक म्हणायचे, देवमाणूस! दुसरा असता तर लुबाडलं असतं. यात खोटं काही नव्हतंच. माणूस लोभी असता तर मला आज इतका त्रास झाला नसता. लोभी माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं.

सकाळी अकराला काका स्वतःचा कप घेऊन आमच्याकडे चहाला यायचे. चहा पिता पिता म्हणायचे, "दाखव तुझी शेती." शेती म्हणजे माझ्या कल्चरच्या बशा. जेलीसारख्या थरावर पेशंटचे जंतू वाढवायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या आणि बशी उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती मोकळं रिंगण दिसेल ते औषध चालतं. जिथे जंतू चकतीला खेटून वाढलेत ते औषध कामातून गेलं. रिपोर्टात चालणाऱ्या औषधापुढे एस लिहायचं आणि न चालणाऱ्यापुढे आर. इतकं सोपं आहे ते. काकांना रिंगणं बघायला फार आवडायची. मोठं रिंगण दिसलं की लहान मुलासारखे खूश व्हायचे. "वा! हे बघ कसं साफ केलंय!"

वर्षं गेली तशी रिंगणं आकसत गेली. मी बघत होते. मी नाही म्हणणार नाही, मला दिसत होतं. एकदा मी म्हटलंही, "काका, हे बघा, हे औषध आता चालतच नाही. तुम्ही चण्याफुटाण्यासारखं वाटता ना, म्हणून."

"अगं, मी दोन गोळ्या देतो," काका म्हणाले. "दोन गोळ्यांनी जग बुडत नाही. पोल्ट्रीत कोंबड्यांना हीच औषधं पोत्यापोत्याने घालतात, त्यांना जाऊन सांग."

मी हसले. कारण कोंबड्यांचं त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. आणि कारण त्याच आठवड्यात माझ्या मुलाचा घसा धरलेला तेव्हा मीच भिंतीवर टकटक करून म्हटलेलं, "काका, ती लाल रेघेची द्या ना दोन, उद्या त्याची परीक्षा आहे." दिवसभर बसून रिपोर्टात आर लिहिणारी बाई! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग ती सकाळ. करोना ओसरल्यानंतरच्या वर्षातली. काका नेहमीसारखे आले, बशी उजेडाकडे धरली. सगळ्या चकत्या होत्या, पण एक सोडली तर एकीलाही रिंगण नव्हतं. जंतू बाकी प्रत्येक चकतीपर्यंत बिनघोर गेलेले. "अरे बाप रे," काका म्हणाले. "याला कशाचंच भय नाही. कोण गं हा पैलवान?"

पेशंटचं नाव कोणाला दाखवायचं नसतं. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण मलाही ते आठवत नव्हतं, रोजच्या सवयीने मी बशी उलटी केली आणि मागची पट्टी आम्ही दोघांनी एकदमच वाचली. मंदा शिर्के.

मंदाबद्दल सांगायला हवं. मंदा पोळ्या करायची. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरं, मागच्या सोसायटीत तीन. सकाळी साडेसहाला घरून निघायची ती दुपारी दोनला मोकळी व्हायची. बारीक अंगाची, चटपटीत, पोळी लाटताना एकीकडे तोंड चालू. मुलगी रूपाली कॉलेजात होती, तिच्या मार्कांचं कौतुक मी रोज ऐकायची. त्या सात घरांत मंदा पाणी सुद्धा प्यायची नाही. का, तर पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? बाईमाणसाने दुसऱ्याच्या घरात कसं विचारायचं? आणि आम्ही कोणी आपणहून म्हटलं नाही, मंदा, आमचं बाथरूम वापर. तिच्या सात घरांतलं एक घर माझं. सहा वर्षं ती माझ्याकडे येत होती. मी तिला चहा द्यायची, दिवाळीला साडी द्यायची. हे एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

त्यामुळे तिला लघवीची जळजळ व्हायची. वर्षातून तीन-चारदा तरी. मंदा दुकानाशी यायची, गर्दी असली तर कडेला उभी राहायची आणि काकांची नजर गेली की म्हणायची, "काका, ते नेहमीचं." एवढंच. चार पुरुषांदेखत तिला दुसरं काही बोलावं लागू नये म्हणून काका काही विचारायचे नाहीत. पाकीट काढायचे, तिरकं कापायचे, कागदात गुंडाळून द्यायचे. तिची लाज राखायचे. मंदा त्यातली एक घ्यायची, जळजळ थांबली की दुसरी पुढच्या वेळेसाठी डब्यात. नाहीतर शेजारणीला. तिला वाटायचं आपण औषध वाया घालवत नाही. काकांना वाटायचं आपण कमीत कमी औषध देतो. सहा-सात वर्षं हे असं चाललं आणि अर्धवट डोसातून वाचलेले तिच्या पोटातले जंतू ते औषध पचवायला शिकले.

या वेळी दोन गोळ्यांनी थांबलं नव्हतं. चार दिवस थंडी वाजून ताप, कमरेत कळा, तरी ती पोळ्यांना येत होती. रूपालीनेच ओढून डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलं.

काकांनी बशी हळूच खाली ठेवली. चहा तसाच राहिला. ते उठून गेले आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा भरदुपारी दुकानाचं शटर पडल्याचा आवाज ऐकला.

मंदाला ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं तोवर मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात उतरलेला. एकच इंजेक्शन चालण्यासारखं होतं, ते तिथे त्या दिवशी संपलेलं. काकांनी कल्याणपासून सगळीकडे फोन लावले. शेवटी घोडबंदर रोडला एका मोठ्या मेडिकलमध्ये मिळालं. बर्फाच्या पिशवीत ते घेऊन काका रिक्षात बसले आणि तिथल्या त्या ट्रॅफिकमध्ये अडकले. मला फोन करून सारखं विचारत होते, "किती वेळ टिकेल गं? किती वेळ टिकेल?" औषधाबद्दल विचारत होते की मंदाबद्दल, मला कळलं नाही. मी म्हटलं, "पोचाल काका."

पोचले. इंजेक्शन सुरू झालं. दोन दिवस ताप उतरला सुद्धा. मी भेटायला गेले तेव्हा काका तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलेले, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत शिक्षा केलेल्या मुलासारखे. मंदाने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि मग तिथल्या सिस्टरला हाक मारली.

"सिस्टर, हे आमचे साळवीकाका," ती म्हणाली. "यांच्यामुळे मला इतकी वर्षं डॉक्टरची पायरी चढावी लागली नाही. यांनीच सांभाळलं मला."

सिस्टर "बरं बरं, बोलू नका जास्त" म्हणून निघून गेली. काकांनी मान वर केली नाही. मंदाने त्यांचा हात धरला होता, तो त्यांना सोडवून घेता येईना.

नवव्या दिवशी ती गेली. चाळीस-बेचाळीस वय. मूत्रपिंडं बंद पडली, मग बाकीचं.

तेराव्यानंतर काकांनी दुकान उघडलं आणि बदलले. म्हणजे पाट तोच, शर्ट तोच, पण कपाळाला हात लावणं बंद. "चिठ्ठी आहे?" हे पहिलं वाक्य. नसेल तर तापाची साधी गोळी, मीठ-साखरेचं पाकीट, आणि "डॉक्टरकडे जा." लोकांना आधी वाटलं काका थट्टा करतात. मग राग यायला लागला. एक रिक्षावाला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, माझ्यासमोर ओरडला, "काका, काय नाटक लावलंय? पोराला ताप आहे, दोन गोळ्या मागतोय, किडनी नाही मागत तुमची!"

"पोराला घेऊन ये. डॉक्टरकडे मी येतो तुझ्याबरोबर," काका म्हणाले. "पण गोळी देणार नाही."

"तुम्हाला माज आलाय," असं म्हणून तो पलीकडच्या मेडिकलमध्ये गेला. त्याला तिथे मिळाल्या. काका त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ह्याच्या पोराला मी तो रांगत होता तेव्हापासून देतोय." मी म्हटलं, "काका, चहा घ्या." माझ्याकडे त्यांना द्यायला चहाच होता.

आणखी एक खूळ घेतलं त्यांनी. दुपारी दुकान बंद करून कापडी पिशवी घेऊन घरोघरी जायचे. दारात उभं राहून म्हणायचे, "घरात उरलेल्या गोळ्या असतील तर द्या. नष्ट करायला पाठवतो." बायकांना मजा वाटायची. फ्रिजवरचे डबे, देवघराचे खण, जुन्या पर्सेस, कुठून कुठून गोळ्या निघायच्या. माझ्या घरातून निघाल्या त्याच मूठभर होत्या. काका त्या सगळ्या काउंटरवर पसरून बसायचे. एकदा मी गेले तर एक तुकडा उजेडात धरून बघत होते. त्याची कड तिरकी कापलेली.

"ही माझी कात्री," ते म्हणाले. दुसरा उचलला. "ही पण माझी." तिसरा. "ही पण." असं त्यांनी ढिगातून एकेक बाजूला काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, "काका, पुरे ना आता." ते म्हणाले, "ज्या उरल्या त्या तरी मिळाल्या. ज्या घेतल्या त्या कशा परत आणू?"

आणि रोज अकराला तो प्रश्न. चहा ठेवला की सुरुवात. "आज किती आर?"

"काही नाही काका, सगळं नॉर्मल."

त्यांना कळायचं मी खोटं बोलते. मग दुसरा. "वैशाली, मंदा माझ्यामुळे गेली का गं?"

मी रिपोर्टातल्यासारखं उत्तर द्यायची. "असं सांगता येत नाही, काका. जंतू कुठूनही येतात. पाण्यातून, खाण्यातून, दुसऱ्या माणसाकडून. तुम्ही नसत्या दिल्या तर पलीकडच्याने दिल्या असत्या." यातला शब्द न् शब्द खरा होता आणि मी तो पुढे करून आड लपत होते. कारण त्यांना हो म्हटलं तर माझा नंबर दुसरा होता. मंदाचे डॉक्टर त्यांना म्हणाले, तुम्ही एकटे नाही, सगळेच देतात. मुलगा म्हणाला, बाबा, विचार करू नका. आणि रूपाली, तिने तर कहर केला. वर्षश्राद्धाला काका गेले तेव्हा तिने त्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काका, मनाला लावून घेऊ नका. आई तुम्हाला देव मानायची." काका तिथून आले ते तडक लॅबमध्ये, आणि रडले. भिंतीकडे तोंड करून, खांदे हलत होते. मी दार लावून घेतलं. म्हणाले, "कोणीतरी एक शिवी घाला रे मला."

मी पुन्हा चहाच ठेवला.

त्यानंतर दुकान फार चाललं नाही. लोक पलीकडे वळलेच होते. काका मात्र रिकाम्या दुकानात पाटावर उभे असायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून. कोणी ओळखीचं गेलं की पुटपुटायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं. "जुलाब, दोन... दाढ, तीन... घसा, घसा, परत घसा..." कोणाला कधी काय दिलं ते त्यांना तोंडपाठ होतं. तीस-पस्तीस वर्षांचं. माणसांची नावं विसरले होते, पण गोळ्या आठवत होत्या. मी चालत पुढे गेले, त्यांनी माझ्याकडे बघू नये असं वाटलं.

मग त्यांना स्वतःलाच ताप भरला. जळजळ, थंडी, म्हातारपणातला प्रोस्टेटचा त्रास होताच. या वेळी त्यांनी स्वतःचं कपाळ सुद्धा तपासलं नाही, सरळ डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी नमुना घ्यायला सांगून त्याच दिवशी औषध सुरू केलं. बशी मी लावली. दुसऱ्या दिवशी उबेतून बाहेर काढली आणि बघतच राहिले. किती वर्षांत असं पाहिलं नव्हतं. प्रत्येक चकतीभोवती मोठं, स्वच्छ रिंगण. जंतूचं नाव काय आहे ते तपासलं, पुन्हा तपासलं.

रिपोर्ट घ्यायला ते स्वतः आले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. अशक्त झालेले, स्वेटर घातलेला. बाकावर बसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. एस. एस. एस. तळापर्यंत गेले, परत वर आले.

"हा माझाच ना?"

"तुमचाच."

"दुसऱ्याचा नाही आला?"

"काका, मी माझ्या हाताने लावलाय."

"जंतू कोणता?"

"ई-कोलाय."

"मंदाचा होता तोच?"

"तोच. म्हणजे त्याच जातीचा."

काका रिपोर्टाकडे बघत राहिले. "म्हणजे मला साधी, जुनी, कुठलीही गोळी चालते," ते म्हणाले. "मी कधी घेतलीच नाही गं. घरात कोणाला ताप आला की आमची ही काढा करायची. मी दोन दिवस पांघरूण घेऊन पडून राहायचो. दुकानातली गोळी घरी न्यायची नाही असा नेम होता माझा. शरीराला सवय लागते म्हणून." मग फार हळू म्हणाले, "लोकांच्या शरीराला लागेल, हे मला सुचलं नाही."

मी काउंटरपलीकडे उभी होते. तिथून मला नेहमीसारखं काहीतरी बोलता आलं असतं.

"आता तरी सांग, वैशाली," काका म्हणाले.

"हो काका," मी म्हटलं. "तुमच्या गोळ्यांचा हात आहे. सगळा नसेल, पण आहे. आणि माझाही आहे. मला रिंगणं लहान होताना दिसत होती आणि मी तुमच्याकडून माझ्या पोरासाठी दोन गोळ्या मागून घेत होते. ती सहा वर्षं माझ्या ओट्याशी उभी होती आणि मी तिला बाथरूमचं दार दाखवलं नाही. आपण दोघांनी मिळून केलंय."

मला वाटलं ते कोसळतील. पण त्यांनी मान हलवली, एखादं गिऱ्हाईक बरोबर औषधाचं नाव सांगतं तेव्हा हलवायचे तशी. रिपोर्टाची घडी घातली, खिशात ठेवली.

"बरं झालं बोललीस," ते म्हणाले. "मी वेडा नाही म्हणजे."

ते उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. लॅबच्या पायरीवर ते थांबले. पुढे काय झालं ते मला माहीत आहे. त्यांनी औषध डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस घेतलं, बरे झाले, पंधरा दिवसांत मुलगा येऊन त्यांना टिटवाळ्याला घेऊन गेला. मी फोन करायची, पण भेटायला गेले नाही. डोंबिवलीहून टिटवाळा ते किती लांब, तरी गेले नाही. म्हणून माझ्यापुरते काका त्या पायरीवरच उभे आहेत.

त्या संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं स्टेशनकडून घरी येत होती. भाजीच्या पिशव्या, डबे, दप्तरं. सगळी ओळखीची. रागावून गेलेली सुद्धा त्यांना इतक्या दिवसांनी बघून बोलत होती. "काय काका, बरं नाही का?" "काका, दिसला नाहीत." "स्वेटर कसला घातलाय, ताप आहे की काय?" काका प्रत्येकाला हात वर करत होते आणि तो माणूस वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत होते.

मग माझ्याकडे न वळता त्यांनी विचारलं, "मंदाचं सांगितलंस. आणि ह्या सगळ्यांचं काय गं?"

मी रस्त्याकडे बघितलं. समोरून एक बाई कडेवरच्या मुलाचा हात धरून आमच्या दिशेने हलवत होती. "काकांना टाटा कर. कर टाटा," ती मुलाला सांगत होती.

काकांनी हात वर केला.